डिस्क मंद आहे की रांग लांब आहे?

"ताई, कार्ड शंभर टक्के बिझी दाखवतंय. याच्या पुढे ते काय जाणार?"

टीममधल्या नव्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. डिस्कची कामगिरी दाखवणाऱ्या आयओस्टॅट या साधनाच्या शेवटच्या, युटिल नावाच्या रकान्यात १०० होतं आणि वेगाच्या रकान्यात जेमतेम ४० एमबी प्रतिसेकंद. महाप्याच्या आमच्या लॅबमध्ये टेबलावर उघडं पडलेलं ते स्टोरेज कार्ड आमचंच, त्याचा लिनक्स ड्रायव्हरही आमचाच. कार्डावरच्या फ्लॅश चिप्सची कुवत या आकड्याच्या कितीतरी पट होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरीही तो शंभराचा आकडा बघून त्याला वाटलं की कार्ड दमलं. पहिल्यांदा बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तसंच वाटतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ब्लॉक डिव्हाइस म्हणजे असं साधन, ज्याच्याशी ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत बोलावं लागतं: अमुक सेक्टरपासून इतका डेटा वाच, तमुक सेक्टरवर इतका लिही. हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह ही सगळी ब्लॉक डिव्हाइसं. आतल्या ठोकळ्याचं माप काहीही असलं तरी लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सेक्टर मोजतो तो ५१२ बाइटचाच. प्रोग्रॅमकडून निघालेली मागणी फाइल सिस्टिममधून कर्नलच्या ब्लॉक लेयरमध्ये येते, तिथे तिची रिक्वेस्ट बनते, ती रांगेत लागते, मग ड्रायव्हर ती उचलून हार्डवेअरला समजेल अशा भाषेत कार्डाला देतो. काम झालं की कार्ड इंटरप्ट देऊन कळवतं, आणि उत्तर त्याच वाटेने उलटं जातं. नेहमीच्या डिस्कसाठी ड्रायव्हर कर्नलसोबत तयार मिळतो. हार्डवेअर स्वतः बनवलं तर तो स्वतःलाच लिहावा लागतो, आणि मग वेग कमी पडला की बोट दाखवायला दुसरं कोणी उरत नाही.

मी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते आणि घणसोलीला उतरून महाप्याला शेअर रिक्षाने जाते. एखाद्या दिवशी स्टेशनपासून ऑफिसला पोहोचायला पाऊण तास लागला, तर "रिक्षा हळू चालली" असं कोणी म्हणत नाही. रिक्षा नेहमीसारखी दहा मिनिटांतच गेलेली असते. उरलेली पस्तीस मिनिटं स्टँडवरच्या रांगेत गेलेली असतात. रिक्वेस्टचंही असंच. तिला लागलेला एकूण वेळ म्हणजे रांगेतला वेळ अधिक प्रवासाचा वेळ. आयओस्टॅटमधला अवेट हा रकाना या दोन्हींची बेरीज दाखवतो, म्हणून नुसता अवेट वाढलेला बघून दोष कुणाचा हे कळत नाही.

आणि तो युटिलचा शंभर? तो रकाना एवढंच सांगतो की मोजलेल्या वेळापैकी किती टक्के वेळ डिव्हाइसकडे निदान एक तरी रिक्वेस्ट चालू होती. एका वेळी एकच काम करू शकणाऱ्या जुन्या फिरत्या डिस्कसाठी हा आकडा बऱ्यापैकी खरं बोलायचा. ७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद घेते, हवा तो सेक्टर डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी म्हणजे चार मिलिसेकंदांहून जास्त जातात, वर डोकं सरकायचा वेळ वेगळा. अशी डिस्क बिझी म्हणजे खरोखर बिझी. फ्लॅश कार्डात मात्र अनेक चिप्स एकाच वेळी काम करू शकतात. स्टँडवरून दिवसभर एकच रिक्षा ये-जा करत राहिली तरी "रस्ता सतत वापरात होता" हे वाक्य खरंच ठरतं. रस्त्यावर अजून तीसेक रिक्षा मावल्या असत्या, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. आयओस्टॅटच्या मॅन पेजमध्येही हे स्पष्ट लिहिलंय की रेड (अनेक डिस्कचा एकत्र जोड) आणि एसएसडीसारख्या समांतर काम करणाऱ्या डिव्हाइसच्या मर्यादा या आकड्यावरून कळत नाहीत.

त्याला विचारलं, "मोजलंस कशाने?"

"डीडीने."

डीडी म्हणजे डेटा एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारी साधी कमांड. तिने वेग मोजण्यात दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा पेज कॅशचा. साधं डीडी चालवलं की कर्नल डेटा रॅममध्ये घेतो आणि "झालं" म्हणून मोकळा होतो. डिस्कवर लिहिणं मागाहून होतं. आदल्या दिवशी याच मुलाला दीड जीबीच्या वर वेग मिळाला होता आणि तो खूश होऊन घरी गेला होता. तो वेग मशीनच्या रॅमचा होता. त्याने नंतर ओ-डायरेक्ट लावून, म्हणजे कॅश टाळून मोजलं, तेव्हा खरे ४० एमबी दिसले. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे: डीडी एक रिक्वेस्ट पाठवतं, ती पूर्ण होईपर्यंत थांबतं, मग दुसरी पाठवतं. एका वेळी एकच.

इथे कागद-पेन घेऊन बसलो. चार केबीची एक रिक्वेस्ट कार्डाकडून साधारण १०० मायक्रोसेकंदांत परत येते. एका सेकंदात दहा लाख मायक्रोसेकंद, म्हणजे एकामागून एक पाठवल्या तर सेकंदाला १०,००० रिक्वेस्ट. गुणिले चार केबी, झाले ४० एमबी. स्क्रीनवरचा आकडा बरोबर हाच. म्हणजे निदान या चाचणीत विचित्र असं काहीच घडत नव्हतं. चाचणीनेच कार्डाला एकट्या रिक्षासारखं वापरलं होतं.

या गणिताच्या मागे लिटलचा नियम आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची गणिती सिद्धता प्रसिद्ध केली: एखाद्या व्यवस्थेत सरासरी जितके जण असतात, तो आकडा म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा आतला सरासरी वेळ. स्टँडवर तीस माणसं उभी आहेत आणि मिनिटाला तीन माणसं सुटताहेत, तर शेवटच्याला दहा मिनिटं लागणार. यासाठी रिक्षाचं इंजिन उघडावं लागत नाही. ड्रायव्हरच्या कामात हा नियम मी रोज वापरते, कारण तीनपैकी दोन आकडे हाती असले की तिसरा निघतो, आणि निघालेला आकडा स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळला नाही तर मोजमापात किंवा समजुतीत कुठेतरी चूक आहे हे लगेच कळतं.

म्हणून डीडी बाजूला ठेवून फिओ घेतलं. डिस्कचा वेग मोजायचं हे साधन येन्स ॲक्सबो यांनी लिहिलं आहे. लिनक्सच्या ब्लॉक लेयरची देखभाल बघणारेही तेच, त्यामुळे त्यात काय मोजायचं याची जाण मुरलेली आहे. फिओला सांगितलं: कॅश टाळ, चार केबीच्या तुकड्यांत कुठूनही वाच, आणि एका वेळी ३२ रिक्वेस्ट वाटेत ठेव. प्रत्येक रिक्वेस्ट १०० मायक्रोसेकंदच घेणार असेल आणि कार्ड ३२ एकत्र पेलणार असेल, तर लिटलच्या हिशेबाने सेकंदाला ३,२०,००० रिक्वेस्ट व्हायला हव्यात.

आले १०,०००. डीडीइतकेच!

मला स्वतःला या कामातला हा क्षण फार मोलाचा वाटतो. आता तक्रारीला नेमका आकार आला: एकट्या रिक्वेस्टचा वेळ ठीक आहे, पण वाटेत कुठेतरी सगळ्यांना एकाच फटीतून जावं लागतंय. "ड्रायव्हर स्लो आहे" या वाक्यावर कुणालाच काम करता येत नाही, अशा नेमक्या तक्रारीवर येतं.

कोडला हात लावण्याआधी अजून एक खात्री केली. कर्नलमध्ये नल-ब्लॉक नावाचा एक ड्रायव्हर असतो. त्याच्यामागे कसलंही हार्डवेअर नसतं. रिक्वेस्ट आली की तो लगेच "झाली" म्हणतो. तेच फिओ, त्याच सेटिंगने, त्याच मशीनवर नल-ब्लॉकवर चालवलं. आकडा लाखोंत गेला. म्हणजे मशीन, कर्नल आणि चाचणी यांच्यात अडकलेलं काही नाही. ही पाच मिनिटांची तपासणी न करता दोन-दोन आठवडे ड्रायव्हर खणत बसलेले लोक मी पाहिलेत, आणि शेवटी मशीनवर डीबगिंगचा कर्नल निघालेला पाहिलाय, ज्यात प्रत्येक लॉकची आणि प्रत्येक मेमरी वापराची झडती घेतली जाते. अशा कर्नलवर चुका शोधाव्यात. तिथे वेग मोजण्याला अर्थ नाही.

मग फिओचा तोच निकाल नीट वाचला. फिओ प्रत्येक रिक्वेस्टचा वेळ दोन तुकड्यांत देतं: स्लॅट म्हणजे रिक्वेस्ट कर्नलच्या हाती सोपवायला लागलेला वेळ, आणि क्लॅट म्हणजे सोपवल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा. सोपवणं हे टपालपेटीत पत्र टाकण्यासारखं असायला हवं, काही मायक्रोसेकंदांचं. आमचा स्लॅट शंभराच्या जवळ होता. शिवाय आयओस्टॅटमध्ये एक्यू-एसझेड हा रकाना, म्हणजे एका वेळी सरासरी किती रिक्वेस्ट वाटेत होत्या, तो एकच्या आसपास घुटमळत होता. आम्ही ३२ मागितल्या होत्या.

पत्र टाकायला गेलेला माणूस पत्र पोहोचल्याची पोच येईपर्यंत पेटीशीच उभा होता, असा याचा अर्थ.

ड्रायव्हर उघडला. क्यू-आरक्यू हे फंक्शन, जे कर्नल प्रत्येक रिक्वेस्टसाठी बोलावतो, त्यात पहिल्याच ओळींत म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, घेतलेला. पुढे कार्डाच्या रजिस्टरमध्ये कमांड लिहिलेली. त्याच्यापुढे इंटरप्ट येईपर्यंत वाट बघणं. शेवटी म्युटेक्स सोडून परत जाणं. कार्डाच्या पहिल्या आवृत्तीला एका वेळी एकच कमांड कळायची, तेव्हा हे बरोबर होतं. दुसऱ्या आवृत्तीत कमांडची ३२ घरं आली, पण ड्रायव्हरची ही चौकट तशीच राहिली.

याला थोडा इतिहासही आहे. लिनक्समध्ये पूर्वी प्रत्येक डिव्हाइसला एकच रांग आणि तिच्यावर एकच लॉक असे. हळू डिस्कच्या काळात ते खपून जायचं. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत अनेक रांगांची नवी व्यवस्था, ब्लॉक-एमक्यू, दाखल झाली, आणि मार्च २०१९ मधल्या ५.० मध्ये जुनी वाट पूर्ण काढून टाकली. एनव्हीएमई या एसएसडींच्या मानकाचं स्पेसिफिकेशन तर ६५,५३५ रांगांना आणि प्रत्येकीत ६५,५३६ कमांडना जागा देतं. साटा डिस्कच्या एनसीक्यूमध्ये, म्हणजे तिच्या कमांडच्या रांगेत, एकूण ३२ च. जुने ड्रायव्हर नव्या व्यवस्थेत आणताना अनेकांनी फंक्शनांची नावं बदलली आणि आतला विचार एकाच रांगेचा ठेवला. आमच्याकडेही तेच झालं होतं.

एक बारकावा मात्र सांगायलाच हवा, कारण यात भलेभले फसतात. आमच्या डिव्हाइसवर शेड्युलर नन होता, म्हणजे मध्ये कुणी क्रम लावणारा नव्हता, म्हणून थांबणं थेट स्लॅटमध्ये दिसलं. एमक्यू-डेडलाइनसारखा शेड्युलर लावलेला असता तर रिक्वेस्ट आधी त्याच्या रांगेत पडली असती, सोपवणारा लगेच मोकळा झाला असता आणि स्लॅट निर्मळ दिसला असता. अशा वेळी बीएलके-ट्रेस लागतं, तेही ॲक्सबो यांचंच. ते प्रत्येक रिक्वेस्टवर टप्प्याटप्प्याला वेळेचे शिक्के मारतं: क्यू म्हणजे ब्लॉक लेयरमध्ये आली, डी म्हणजे ड्रायव्हरकडे गेली, सी म्हणजे पूर्ण झाली. बीटीटी हे सोबतचं साधन त्यांच्यातली अंतरं काढतं. क्यू ते डी म्हणजे स्टँडवरची रांग, डी ते सी म्हणजे रिक्षाचा प्रवास. एका वेळी वाटेत ठेवलेल्या रिक्वेस्ट एकवरून ३२ वर नेल्यावर पहिलं अंतर फुगलं आणि दुसरं तसंच राहिलं, तर अडथळा कार्डाच्या अलीकडे.

पण डीचा शिक्का कधी बसतो? ड्रायव्हरने बीएलके-एमक्यू-स्टार्ट-रिक्वेस्ट हे फंक्शन बोलावलं की बसतो. ते कधी बोलवायचं हे आपणच लिहिलेलं असतं. म्युटेक्स मिळण्याच्या आधी बोलावलं, तर म्युटेक्सपाशी उभं राहिलेला सगळा वेळ प्रवासाच्या खात्यात जमा होतो आणि दोष बिचाऱ्या कार्डावर येतो. स्वतः लिहिलेल्या ड्रायव्हरचा ट्रेस वाचताना तो शिक्का कोडमध्ये नेमका कुठे पडतो हे आधी बघावं.

दुरुस्ती सांगायला सोपी: क्यू-आरक्यूमध्ये फक्त कमांड लिहायची आणि परत यायचं; पूर्ण झाल्याचं काम इंटरप्टच्या बाजूला करायचं; टॅग सेटमध्ये क्यू-डेप्थ ३२ सांगायची, म्हणजे कार्डाच्या घरांपेक्षा जास्त रिक्वेस्ट कर्नल पाठवणारच नाही. म्युटेक्सच्या जागी रजिस्टर लिहिण्यापुरता छोटा स्पिनलॉक, म्हणजे क्षणभराचं कुलूप. लिहायला दोन दिवस आणि घासूनपुसून तपासायला आठवडा गेला. आकडा दीड लाखाच्या आसपास पोहोचला.

अपेक्षित तीन लाख वीस हजारांच्या जवळपास अर्ध्यावर का थांबला, हे शोधायला सीपीयूचा वेळ कुठे जातो ते दाखवणारा परफ टॉप लावला, आणि कर्नल आपली माहिती दाखवतो त्या प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्सची फाइल थोड्या-थोड्या वेळाने उघडून बघितली. आमच्या कार्डाच्या ओळीत सीपीयू शून्यखालचा आकडा धावत होता, बाकी सगळ्या सीपीयूंखाली शून्य. कार्ड एकच इंटरप्ट मागत होतं, त्यामुळे सगळ्या पोचपावत्या एकाच सीपीयूच्या डोक्यावर. स्टँडवर रिक्षा तीस आल्या, पण सुटे पैसे देणारा एकच! प्रत्येक रांगेला वेगळा एमएसआय-एक्स इंटरप्ट दिला आणि ते वेगवेगळ्या सीपीयूंना वाटले, मग तो अडथळाही गेला.

याच काळात लॅबमधल्या दुसऱ्या एका मशीनवर तेच कार्ड, तोच ड्रायव्हर अधूनमधून पाच-सहा मिलिसेकंद गप्प बसायचा. सरासरीत हे दिसतच नव्हतं; फिओच्या पर्सेंटाइलमध्ये, सर्वात शेवटच्या एक टक्क्यात दिसलं. म्हणून नुसत्या सरासरीवर माझा विश्वास नाही. कारण निघालं एक प्रिंट-केची ओळ. एखादी रिक्वेस्ट कार्डाने परत पाठवली की ड्रायव्हर कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ छापायचा, आणि त्या मशीनवर कन्सोल सिरियल पोर्टवर होता, ११५२०० बॉडवर. त्यात एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. सत्तर अक्षरांच्या ओळीला सहा मिलिसेकंद. शंभर मायक्रोसेकंदांच्या रिक्वेस्टला साठपट वेळ एक निरोप छापण्यात! त्या ओळीच्या जागी ट्रेसपॉइंट, म्हणजे कन्सोलवर न छापता नोंद ठेवणारी खूण, टाकला.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. मोठ्या फाइली लिहिताना वेग कमी वाटला तर आयओस्टॅटमध्ये रिक्वेस्टचं सरासरी माप बघा. ड्रायव्हरने स्वतःची मर्यादा कर्नलला सांगितली नाही, तर कर्नल सावधपणे २५५ सेक्टर धरतो, म्हणजे १२७.५ केबी, आणि एक एमबीच्या मागणीचे निदान नऊ तुकडे होतात. आणि डीएमएचा मास्क, म्हणजे कार्ड थेट रॅमच्या कुठल्या पत्त्यापर्यंत पोहोचू शकतं ती मर्यादा, ३२ बिटचाच राहिला असेल, मशीनमध्ये ४ जीबीहून जास्त रॅम असेल आणि आयओएमएमयू (कार्डासाठी पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) बंद असेल, तर वरच्या पत्त्यावरचा डेटा प्रत्येक वेळी खालच्या बफरमध्ये उतरवून घेतला जातो. परफमध्ये मेमरी कॉपीची आणि एसडब्ल्यूआयओटीएलबीची नावं वर आली की हेच समजावं. एका ओळीची दुरुस्ती आहे.

फ्लशवर, म्हणजे कॅशमधला डेटा कायमच्या जागी उतरवण्यावर, मात्र मला थांबायचंय.

लिहिण्याचे आकडे आले तेव्हा तो मुलगा आनंदाने म्हणाला, "ताई, एफसिंक केलं तरी वेग पडत नाही आपला!" मला धस्स झालं. एफसिंक म्हणजे प्रोग्रॅमने विचारलेला गंभीर प्रश्न: हा डेटा आता वीज गेली तरी राहील ना? एखाद्या पतपेढीच्या काउंटरवर पैसे भरले, पासबुकावर नोंद छापली, तर त्या छापण्याआधी डेटाबेसने हा प्रश्न विचारून "हो" ऐकलेलं असतं. आमच्या कार्डावर लिहिण्याची कॅश आहे, वीज गेली की ती पुसली जाते. म्हणजे एफसिंकला कार्डाने ती कॅश फ्लॅशवर उतरवायला हवी, आणि त्याला वेळ लागायलाच हवा.

सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल डिव्हाइसची सेटिंग दाखवतो तिथे, राइट-कॅशची फाइल उघडून बघितली. तिथे "राइट थ्रू" होतं. ड्रायव्हरने कर्नलला कॅश असल्याचं कळवलेलंच नव्हतं. कॅश नाही असं समजल्यावर ब्लॉक लेयर फ्लशची मागणी ड्रायव्हरपर्यंत पोहोचवतच नाही, वरच्या वर "झालं" म्हणून परतवतो. आमचा छान वेग म्हणजे त्या पतपेढीच्या खातेदाराला दिलेलं खोटं उत्तर होतं. मला हे नुसतं सेटिंग चुकल्यासारखं वाटत नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडून घडू शकणारी ही सर्वात वाईट चूक आहे, कारण ती वीज जाईपर्यंत फक्त चांगले आकडे दाखवते.

कॅश जाहीर केली, फ्लशची कमांड कार्डापर्यंत नेली. एफसिंकसह लिहिण्याचा वेग धाडकन खाली आला. मग चाचणी लावली: एक प्रोग्रॅम क्रमांक वाढवत नोंदी लिहितो, प्रत्येकीनंतर एफसिंक करतो, आणि "हो" मिळालं की तो क्रमांक नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला कळवतो. मध्येच भिंतीवरचं बटण बंद करायचं. मशीन परत चालू करून कार्डावरची शेवटची नोंद दुसऱ्या मशीनकडच्या क्रमांकाशी ताडून बघायची. जुन्या ड्रायव्हरवर पाचपैकी तीन वेळा नोंदी गायब होत्या. नव्यावर आम्ही आळीपाळीने वीस वेळा बटण दाबलं. एकदाही नोंद हरवली नाही. अहवालात एफसिंकपुढे तो कमी झालेला आकडाच त्या मुलाने स्वतःच्या हाताने भरला.